चाक चालू आहे तोवर

काय म्हणालास? परत बोल — नाही, थांब, आधी पाय मारू दे, चाक फिरू दे — हं, आता बोल. चाक चालू आहे तोवर बोलायचं, थांबलं की गप्प. आत बायको आहे. तशी तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण उजवा शाबूत आहे, आणि मध्ये नुसता पडदा. हं. "बोथट करा" म्हणालास ना? म्हणजे बरोबर ऐकलं मी. पंचेचाळीस वर्षं धार लावतोय मी या ओट्यावर — शिंप्याच्या कात्र्या, न्हाव्याचे वस्तरे, खाटकाचे सत्तूर — आणि हा बाबा सकाळी सकाळी येतो, फडक्यातून पातं काढतो, आणि म्हणतो, काका, याची धार घालवा, पण बघणाऱ्याला कळू देऊ नका. वर ते दोन पैसे जास्त देणार म्हणतोस ते खिशात घाल आधी. आणि बस. उभा राहू नकोस, उभ्या माणसाकडे सगळा रस्ता बघतो. तो डबा ओढ आणि बस.

फडकं उघडायच्या आधीच ओळखलं मी. बोटभर पातं, मूठ कापडानं गुंडाळलेली — या पात्याला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, आत्याबाईसुद्धा नाही. तिच्या फक्त हाताला ते माहीत आहे. तू कोपऱ्यावरचा वायरमन ना? आमचा पंखा तूच लावलास मागे. तेव्हा एक पोरगी होती बरोबर, स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी, आणि सारखं चाललेलं, बाबा पडू नका, बाबा पडू नका. माझी बायको हसली होती तेव्हा, म्हणाली, हिच्यामुळेच पडेल तो एखाद दिवस. तीच ना? किती झालं वय? सहा. उद्या सकाळी? उद्या. बरं.

आता असं बघू नकोस माझ्याकडे. मी काय देव नाही, धारवाला आहे. तुला रीत माहीत आहे, मला माहीत आहे. आत्याबाई — सगळ्या वस्तीची आत्या, माझीही आत्या, तुझीही आत्या, अर्ध्या वस्तीची नाळ तिनंच कापलेली — ती दिवस ठरवते, आणि पातं पोरीच्या बापाकडे पाठवते. बापानं धार लावून आणायची. बापानं उंबऱ्यावर उभं राहून आतल्या बायकांच्या हातात द्यायचं, आणि बाहेर निघून जायचं. झालं. बापाचं काम संपलं. पुढचं सगळं बायकांचं. कोणाही पुरुषाला विचार, कानांवर हात ठेवेल, आम्हाला काय माहीत बाबा, ते बायकांचं आहे. आणि बायकांना विचार, त्या म्हणतील, आम्ही काय हौसेनं करतो? पोरगी खाली कापलेली नसेल तर तुमचे पुरुषच तिला सून म्हणून घेत नाहीत. म्हणजे हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो हिच्याकडे, आणि पोरगी मध्ये. तिला धरायला चारजणी लागतात. चार. सहा वर्षांच्या पोरीला. दोन हात, दोन पाय, आणि तोंडात फडकं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही, आपल्याकडे तो खरोखरचा देतात.

मध्ये एक बाई आली होती पाहणी करायला. चांगली होती बिचारी, उन्हातून आलेली, हातात कागद. मला विचारते, काका, तुमच्या वस्तीत किती घरांत असं करतात? मी म्हटलं, छे हो, एकाही घरात नाही, पूर्वी होतं म्हणे, आता कोण करतं. तिनं लिहून घेतलं. आणि ती बसली होती त्या डब्यात — हो, ज्यावर तू बसलायस त्याच डब्यात — तीन पाती होती. त्या आठवड्यातली. शाळेला सुट्टी लागली की येतातच, चार दिवस पोरगी घरात पडून राहिली तर कोणी विचारत नाही. आणि तुला वाटतं अडाणी लोकांचंच येतं? मास्तरांच्या पोरीचं आलं. त्या औषधवाल्याच्या दोन्ही पोरींचं आलं, त्यानं निदान बधिर करायची सुई टोचली म्हणे आधी, म्हणजे आपण केवढे सुधारलेले. परदेशात राहणारे सुट्टीला येतात ना, पोरींसाठी खोकीच्या खोकी खाऊ घेऊन, त्यांचंही येतं. तिकडे पोलीस पकडतात म्हणून इथे येतात. मला सगळं ठाऊक. त्या बाईनं दहा वर्षं उन्हातान्हात फिरून जे सापडणार नाही ते मी या ओट्यावर बसून सांगू शकलो असतो — कुठल्या घरात, कितवी पोरगी, कुठल्या महिन्यात. आणि मी काय म्हटलं? एकाही घरात नाही.

आणि कुठे लिहिलंय म्हणशील, तर कुठेच नाही. मी विचारलं जाणत्या माणसांना. जो तो म्हणतो, आमच्या बापानं केलं. त्याचा बाप म्हणाला असेल, आमच्या बापानं केलं. मरतात थोड्याच, हेच तर झालंय. सगळ्या मेल्या असत्या तर कधीच बंद पडलं असतं. पण त्या जगतात. उठतात, मोठ्या होतात, लघवीला बसताना दात आवळतात, बाळंतपणात अर्धमेल्या होतात, आणि मग एक दिवस त्याच आपल्या पोरीचा पाय धरून बसतात. का? तर मी जगले ना, मग हीही जगेल. झालं. यापलीकडे काही नाही.

ते राहू दे. तू बोथट कर म्हणालास. तुला वाटत असेल असं बोलणारा तू पहिलाच. अरे, तू चौथा आहेस. चौथा! पहिला आला होता तो ट्रकवाला — हो, तोच, मिशीवाला, रस्त्यातल्या कुत्र्यालाही लाथ घालतो तो — या ओट्यावर मुसमुसून रडला, म्हणाला, काही तरी करा. दुसऱ्याचं नाव कशाला, तुझ्याच गल्लीतला. तिसरा तर आत्याबाईचा सख्खा भाचा. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच असे, बाकी सगळी वस्ती पात्याच्या बाजूची. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? अरे, इथे सगळेच घंटा खिशात घालून फिरताहेत आणि एकमेकांना दाखवत नाहीत. मला एकट्याला माहीत होतं. मी त्या तिघांना एका जागी बसवलं असतं — नुसतं या डब्यावर शेजारी शेजारी — तर? पण मी काय केलं माहीत आहे? प्रत्येकाला म्हटलं, हो हो, करतो, जा तू. आणि तो वळला की पातं दगडावर धरलं आणि अशी धार लावली, अशी लावली, की हवेतला केस कापेल. खोटं बोललो तिघांशी. थांब, पाय थकला — नाही, नाही, थांबत नाही, चालू राहू दे.

का म्हणजे? का! तू मला का विचारतोस? ये इकडे. जवळ ये. हे बघ — हात दे इकडे, घाबरतोस कशाला — ही धार बघ, ही आहे ती, नखावर टेकव, सरकत नाही, बसते जागच्या जागी. ही कापते तेव्हा कातडीला अर्धा क्षण कळतसुद्धा नाही. आता ही बोथट सुरी घे, ही शिंपिणीची कालची. दाब. दाब मनगटावर. काय होतं? कापत नाही. म्हणून तू काय करतोस? ठेवतोस खाली? नाही. जोर लावतोस! तुला न सांगता तुझ्या हातानं जोर लावला ना आत्ता? तसंच. तसंच होतं. आणि एकदा जमलं नाही की दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा नाही की तिसऱ्यांदा. कळलं का रे भडव्या, तू माझ्याकडे काय मागायला आलायस? कळलं का?

हं. सोडली तुझी कॉलर. बस. माफ कर. पाणी पी, त्या मडक्यातलं. पी.

मला मुलगी होती. तुला माहीत नसेल, तुझ्या लहानपणची गोष्ट. ठिणगी म्हणायचो आम्ही तिला. इथेच बसायची, तू बसलायस तिथे, हातात पाण्याचा डबा घेऊन. दगड तापला की त्यावर धार सोडायची पाण्याची, ते काम तिचं, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. खाटीक सत्तूर घेऊन आला की म्हणायची, याला धार नाही लावायची, बाबा, हा बकऱ्यांना मारतो. खाटीक हसायचा, तिच्यासाठी गोळी आणायचा, गोळी खाऊन परत तेच. सात वर्षांची झाली आणि आत्याबाईनं पातं पाठवलं.

मला नको होतं. मनापासून सांगतो तुला. पण "नको" हा शब्द तोंडातून निघेना. कोणाला सांगू? आईला? बायकोला? बायको तर दोन दिवस दुलया धुवत होती, जुनी फडकी उकळत होती, एक शब्द बोलत नव्हती, मला वाटलं, हिची तयारी झाली, हिला हवंच आहे. आणि वस्ती काय म्हणेल — धारवाला स्वतः सगळ्यांच्या पात्यांना धार लावतो आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी शेपूट घालतो? मग मला अक्कल सुचली. तुला सुचली तीच. बोथट सुरी निघाली की गिऱ्हाईक काय करतं? परत आणतं. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी हेच बघितलंय, सुरी चालली नाही की माणूस सुरी खाली ठेवतो आणि धारवाल्याला शिव्या देतो. म्हटलं, आत्याबाई शिव्या देईल, देऊ दे. म्हणेल, आज होत नाही, पातं परत पाठवा, आणि तेवढ्यात सुट्टी संपेल, शाळा सुरू होईल, एक वर्ष तर जाईल. पुढचं पुढे. म्हणून मी काय केलं — पात्याच्या दोन्ही बाजू घासून अशा चकचकीत केल्या की त्यात तोंड दिसावं. आणि मग धार बाटलीच्या काठावरून ओढली. तीनदा. संपली धार. वर चमक, खाली काही नाही. तुलाही हेच पाहिजे ना?

आत्याबाईनं तपासलंच नाही. न्हावीसुद्धा वस्तरा नखावर टेकवून बघतो, पण तिनं का बघावं? धारवाल्याच्या हातचं पातं, आणि ते त्याच्याच पोरीसाठी! तिनं चमक बघितली आणि घेतलं. माझ्या नावानं घात केला रे. दुसऱ्या कोणाकडून आलं असतं तर तिनं एकदा तरी बोट लावलं असतं.

या पडद्याच्या मागे. ती खोली. मी उंबऱ्यावर पातं दिलं आणि इथे येऊन बसलो. रीत अशी की बापानं लांब जायचं, पण मला वाटलं, आत्ता आत्याबाई ओरडेल, आत्ता पातं परत येईल, मी इथेच असलेला बरा. आणि चाक सुरू केलं. रिकामं. दगडावर काही नाही, नुसता पाय मारत बसलो, घर्र घर्र घर्र, म्हणजे आतलं ऐकू येणार नाही. पातं काही परत येईना. मी पाय जोरात मारला, आणखी जोरात — आणि पट्टा सुटला. खट. चाक थांबलं. आणि मग मला ऐकू आलं. सगळं. धार असली की ओरडणं एकच असतं, एकदाच, मग रडणं. मी शेजारच्या घरांतनं कितीदा ऐकलं होतं, मला माहीत होतं. त्या दिवशी ते एक नव्हतं. आत्याबाईनं पातं खाली ठेवलं नाही. तिनं जोर लावला. मध्ये आत्याबाईचा आवाज, धरा गं नीट, धरा. आणि ठिणगीच्या तोंडातलं फडकं सुटलं असणार, कारण ती "बाबा" म्हणाली. तीनदा. आणि मी पट्टा चढवत होतो. ऐकतोयस ना? आत गेलो नाही. पुरुषानं आत जायचं नसतं. पट्टा बसत नव्हता, आणि मी तो बसवत होतो.

दुलई भिजली, मग दुसरी भिजली. आत्याबाई म्हणाली, थांबेल, राख लावा. दवाखान्यात न्यायचं तर डॉक्टर विचारणार, कोणी केलं, म्हणून नेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिणगी म्हणाली, मला थंडी वाजते, आणि मग नाही बोलली.

बाहेर काय सांगितलं? ताप आला. सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांनी मान डोलावली. आत्याबाई म्हणाली, पोरीच्याच अंगात दोष होता. आणि मी — आता इथवर आलोच आहे तर ऐक — तिला पुरून आलो त्या दिवशी मी बायकोला मारलं. हातानं नाही भागलं, मग चपलेनं, मग लाकडानं. केस धरून या दगडावर डोकं आपटलं तिचं. ओरडत होतो, तू धरलंस तिला, तूच धरलंस, तुझ्या हातात तिचा पाय होता, तू मारलीस माझी पोर. तो डावा कान तेव्हाचा. रक्त आलं त्यातून, मग पू, मग बंदच झाला. लोकांना सांगतो, चाकाच्या आवाजानं गेला. तेवीस वर्षं ती माझ्यासमोर मान वर करत नाही, कारण तिला वाटतं, आपण पोर मारली. आणि मी वाटू दिलं. रोज तिच्या हातचं खातो आणि वाटू देतो. बाटलीचं तिला ठाऊक नाही. कोणालाच नाही. तूच पहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

म्हणून त्या तिघांना धार लावून दिली. मी स्वतःला सांगत आलो, धार म्हणजे दया. वर्षानुवर्षं दया करत बसलोय इथे, किती पोरींवर केली देव जाणे. थू. तुलाही लावूनच देणार होतो, खरं सांगतो. हो हो म्हणणार होतो आणि धार लावणार होतो. पण तू ते स्टूल — ती स्टूल धरून उभी होती ना. नाही लावत. धारही नाही आणि बोथटही नाही. काय म्हणतोस, मोडून टाका? मोडतो. आत्याबाई दुकानातून नवं ब्लेड आणेल, पाच मिनिटांचं काम. पात्यात काही नाही रे, पात्यात काही नाही! तू दारात उभा राहा आणि तोंडानं म्हण, नाही. आईसमोर म्हण, आत्यासमोर म्हण. आणि बायकोला विचारलंस? तुझ्या बायकोला? काय? तिला हवंच आहे? तोंडानं म्हणाली? अरे, म्हणाली का? का तीही नुसती दुलया धुवतेय? जा आणि विचार, आत्ताच्या आत्ता, हात जोडतो तुझ्या —

काय झालं? कुठे बघतोस?

पाय. पाय कधी थांबला माझा? चाक कधी —

अगं. तू — केव्हापासून उभी आहेस? हा आपला वायरमन, पंख्याचं बघायला — ऐकलंस? कुठून? बाटलीपासून? सगळं?

बोल काही तरी. मार मला. तो सत्तूर आहे तिथे, घे, मी हलत नाही. अगं, बोल ना.

काय? मोठ्यानं बोल, मला — तुला नको होतं? तुला? मग फडकी उकळत होतीस ती — मला वाटलं — का नाही बोललीस? एकदा तरी बोलायचंस! मी... मी पातं आणून दिलं म्हणून? मी हसत दिलं? हसलो होतो मी? "घ्या, चांगलं लावलंय," असं म्हणालो? आठवत नाही. म्हणालो असेन. हो, म्हणालो.

चपला कशाला घालतेस? कुठे निघालीस? त्याच्या घरी? त्याच्या बायकोशी बोलायला? अगं, ते बायकांच्या खोलीत — हो. तू जाऊ शकतेस. तू आत जाऊ शकतेस. ते पातं राहू दे, त्याला हात — बरं. घे. खोच कमरेला.

मी येऊ?

अगं, मी येऊ का?

तू ऊठ रे, बघतोस काय, ती निघाली बघ. जा. आणि तिच्या उजव्या बाजूनं चाल. डावीकडून काही बोललास तर तिला — जा, जा लवकर.